लीच लेकवर मस्की : अनोळखी तळ्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

ठरलं. ऑगस्टच्या पौर्णिमेला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या लीच लेक या तळ्यावर मस्की मासा गरवायला, म्हणजे गळानं धरायला जायचं. मी आणि दादा, म्हणजे माझा मावसभाऊ. बोट त्याची, पेट्रोल माझं. आम्ही दोघंही या तळ्यावर कधी गेलेलो नाही. मिनियापोलिसहून वॉकर गावापर्यंत साडेतीन तासांचा रस्ता आहे, त्यामुळे 'जाऊन बघू, नाही जमलं तर परत' हा मार्ग नाही. जे काय शिकायचं ते घरी बसून शिकायचं.

तळ्याचा आकार आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे हाव सुटणार नाही. लाखभर एकरांच्या वर पाणी. पूर्णपणे मिनेसोटाच्या हद्दीत असलेल्या तळ्यांत रेड लेक आणि मिल लॅक्सच्या खालोखाल तिसरा क्रमांक. पैठणच्या नाथसागराच्या तोडीचं म्हणा. त्यात मस्की म्हणजे मोजकेच. हा पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा शिकारी मासा, एकेका भागात थोडेच राहतात आणि दिवसाचे बरेच तास तोंड मिटून बसतात. 'दहा हजार फेकींचा मासा' हे त्याचं इकडचं टोपणनाव उगाच नाही.

मग लीचच का? कारण हे माहेर आहे. मिनेसोटात इतर तळ्यांत मस्की सोडताना आधी शूपॅक नावाच्या तळ्यातलं वाण वापरायचे, ते फारसं वाढत नसे. १९८० च्या दशकात सरकारी मत्स्य विभाग लीच लेकच्या वाणाकडे वळला, आणि आज मिनेटोंका असो की मिल लॅक्स, चार फुटांच्या वरचा मासा निघाला की त्याचं मूळ बहुधा इथलंच. दादा म्हणाला, "मग एकदा सासुरवाडी सोडून माहेरी जाऊन बघू."

२१ जून, शनिवार

कायदेकानू आधी, कारण ते सोपे.

मोसम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, या वर्षी ७ जूनला उघडला. १ डिसेंबरला बंद. एका माणसाची एकच दोरी पाण्यात. ५४ इंचांहून लहान मस्की ठेवता येत नाही. ही मर्यादा २०१५ पासून राज्यभर आहे, आधी ४८ होती. ५४ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर. इतका मासा आयुष्यात एकदा दिसला तरी पुष्कळ, त्यामुळे व्यवहारात नियम असा: पकडा आणि सोडा. मोठा मासा निघाला तरी आम्ही सोडणारच आहोत. मादीला ५० इंच व्हायला पंधरा-एक वर्षं लागतात. ती तव्यावर टाकायची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही, आणि मी बांगडा-सुरमई खाऊन वाढलेला माणूस आहे.

पूर्वी असं नव्हतं. लीच लेकची १९५५ च्या जुलैमधली गोष्ट इथे प्रत्येक जुना गरवणारा सांगतो. उकाडा, वारा पूर्ण पडलेला, पाणी आरशासारखं, आणि एरवी न दिसणारे मस्की अचानक एकामागून एक आमिष घेऊ लागले. बातमी पसरली तशी गर्दी झाली. ओळीनं टांगलेल्या माशांचे फोटो आजही उत्तरेकडच्या दुकानांतून दिसतात. ते फोटो पाहून मला आनंद होत नाही. पण गरवण्याच्या दृष्टीनं त्यात एक धागा आहे, तो पुढे लिहीन.

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. सगळीकडे फटाके, आणि मी टेबलावर नकाशे पसरून.

मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक तळ्याचा खोलीचा नकाशा आणि मासेगणतीचे अहवाल फुकट मिळतात. त्याच्या जोडीला बोटीच्या यंत्रातलं समोच्च (सारख्या खोलीच्या) रेषांचं कार्ड आणि उपग्रहाची चित्रं. स्वच्छ पाण्याच्या दिवशी घेतलेल्या चित्रात वनस्पतींचे पट्टे गडद दिसतात, वाळू फिकट, आणि खडकांचे ढीग ठिपक्यांसारखे. तिन्ही एकावर एक ठेवून बघायचं.

मोठ्या तळ्याचा धाक घालवायची एकच युक्ती मला पटली आहे: ते मोठं तळं मुळात नाहीच असं धरायचं. लीच म्हणजे एकमेकांना चिकटलेली सात-आठ वेगवेगळी तळी आहेत. पश्चिमेला वॉकर बे, तिथं खोली दीडशे फुटांच्या आसपास. मधला मुख्य भाग त्यामानानं ताटासारखा, बहुतेक ठिकाणी पस्तीस फुटांच्या आत. उत्तरेकडून ऑटरटेल पॉइंटचं लांब नाक खाली येतं, त्याच्या एका अंगाला सकर बे आणि दुसऱ्या अंगाला पोर्टेज बे. पूर्वेकडे बॉय बे, उथळ आणि हिरवागार. दक्षिणेकडून स्टोनी पॉइंट आत घुसलेला. प्रत्येक भागाचं पाणी वेगळ्या दिवशी तापतं, वेगळ्या वाऱ्यात ढवळतं.

आम्हाला मिळणार तीन दिवस. तेवढ्यात एक भाग नीट बघून होतो, दोन अर्धवट. म्हणून आजचं काम निवडण्यापेक्षा खोडण्याचं.

वॉकर बे खोडला. ऑगस्टमध्ये तिथले मोठे मासे खोल पाण्यावर, टलिबी नावाच्या चंदेरी माशांच्या थव्यांमागे अधांतरी फिरत असणार. टलिबी हे लीचच्या मस्कीचं मुख्य खाणं, चरबीदार आणि थंड पाण्यात राहणारं. १९५५ च्या त्या उकाड्याबद्दल माझा तर्क असा की खाणं आणि खाणारा दोघंही एका थरात कोंडले गेले असावेत. सिद्ध करता येणार नाही, पण पटतो. तरी उघड्या पाण्यात अधांतरी मासा शोधायला समोर बघणारा महागडा सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातलं दाखवणारा पडदा, लागतो. तो आमच्याकडे नाही, आणि पडद्यावर मासा बघून त्याच्या डोक्यावर आमिष टाकण्यात मला मजाही वाटत नाही. दादाचं मत वेगळं आहे. त्याला फक्त किंमत परवडत नाही.

बॉय बे खोडला. छान आहे, पण तिथं उथळ पाणी लवकर तापतं. पोर्टेज बे खोडला, कारण राहण्याच्या जागेपासून लांब.

उरला स्टोनी पॉइंट आणि तिथून मधल्या पेलिकन आयलंडच्या बाजूला पसरलेला उथळ खडकाळ भाग. टोकाजवळ चिपेवा राष्ट्रीय वनाचं कॅम्पग्राउंड आहे आणि बोट उतरवायला धक्काही आहे. जागा राखून ठेवली.

नकाशा बघताना ईशान्य काठावर शुगर पॉइंट दिसला. ५ ऑक्टोबर १८९८ ला तिथं अमेरिकी लष्कर आणि ओजिब्वे लोकांची चकमक झाली होती, आणि सैन्याला मार खावा लागला. तळ्याभोवतीचा बराच मुलूख आजही लीच लेक ओजिब्वे राष्ट्राच्या राखीव क्षेत्रात येतो. काठावरचं भाताचं रान, म्हणजे जंगली तांदूळ, ते लोक ऑगस्टअखेर-सप्टेंबरात होडीतून झोडतात. त्यात मोटर घालून तुडवायचं नाही, हे दादाला आत्ताच सांगून ठेवलं.

१२ जुलै, शनिवार

सामान.

रॉड नऊ फुटी, जाड. रील आडवं, मोठ्या दांड्याचं. विणलेली दोरी ८० पौंडी, तिच्या टोकाला फूट-दीड फुटाचा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर. मस्कीचे दात साधी दोरी क्षणात कापतात आणि मग तो मासा तोंडात आमिष घेऊन मरतो. इथं काटकसर नको.

आमिषं चारच प्रकारची घेतोय. लोक दोन-दोन पेट्या भरून नेतात आणि दिवसभर पेटीतच डोकं घालून बसतात. १) बकटेल, दहा नंबरच्या दोन पात्यांचं: वेगात ओढलं की पाण्यात थरथर उठते, मासे शोधायला हेच. २) पृष्ठभागावर फटफटत येणारं शेपटीफिरकं: संध्याकाळी, पाणी शांत असताना. ३) जड रबरी, लांब शेपटीचं: खडकांच्या उतारावर खाली सोडायला. ४) डावी-उजवीकडे डुलत जाणारा लाकडी ग्लाइडर: जो मासा मागे येतो पण घेत नाही त्याच्यासाठी.

गळ कानशीनं घासून घेतले. नवीन पाकिटातले सुद्धा. नखावर टेकवला तर घसरता कामा नये.

आणि या सगळ्याहून महत्त्वाचं: मासा सोडण्याचं सामान. रबरी आवरणाचं खोल, रुंद जाळं. लांब चोचीचा पक्कड. गळ कापणारी कातरी, बोल्ट कापते तशी. मासा फार गिळला असेल किंवा गळ तुमच्याच तळहातात घुसला असेल तर हीच कामाला येते. पाणी मोजायचं थर्मामीटर. पाणी ८० फॅरनहाइटला, म्हणजे २६-२७ सेल्सिअसला पोचलं की मस्की गरवायचं बंद करायचं. त्या पाण्यात झुंजून दमलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरू शकतो. तसं झालं तर वॉलाय गरवू आणि तळून खाऊ. दादाला खरं तर तेच हवंय.

१९ जुलै, शनिवार

मिनेटोंकावर सराव. मासा हा उद्देश नव्हता, आठचा आकडा हा होता.

मस्कीची खोड अशी की तो आमिषामागे बोटीपर्यंत येतो. सावलीसारखा, शेपूट हलताना दिसत नाही. बाकी माशांच्या बाबतीत फेक इथं संपते, मस्कीच्या बाबतीत इथं सुरू होते. आमिष रॉडच्या टोकापासून फूटभर राहिलं की ओढणं थांबवायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि मोठा इंग्रजी आठ काढायचा. नवखे लोक चहात साखर ढवळल्यासारखा काढतात. चार फुटांच्या माशाला तेवढ्यात वळता येत नाही. वळण बोटीपासून लांब, रुंद, आणि वळणावर आमिष जरा वर उचललेलं. बहुतेक मासे पहिल्याच वळणावर घेतात, म्हणून ते पहिलं वळण चुकवायचं नाही.

हे प्रत्येक फेकीनंतर करायचं. मासा दिसो न दिसो. पाठ दुखते. दादा म्हणतो, "अरे, काही नाही मागे, उगाच काय घुसळतोस?" आणि मी म्हणतो, "दादा, तुला दिसत नाही म्हणजे नाही असं नाही." दुपारनंतर तोही घुसळायला लागला.

आणखी एक गोष्ट जुळवली: दोघांनी दोन वेगळी आमिषं, वेगळ्या थरात. पुढचा माणूस वेगानं बकटेल, मागचा हळू आणि खोल. पुढच्यानं उठवलेला मासा मागच्याला मिळतो. भांडण नको म्हणून तासातासाला जागा बदलायची.

२ ऑगस्ट, शनिवार

चंद्र. कालनिर्णयात राखी पौर्णिमा ९ तारखेला आहे. इथल्या वेळेनं चंद्र पूर्ण होतो तो ९ च्या पहाटे, म्हणजे ८ च्या संध्याकाळी सूर्य मावळणं आणि चंद्र उगवणं जवळजवळ एकाच वेळी, पावणेनऊच्या सुमाराला.

चंद्राचं हे शास्त्र मी अर्धं मानतो. चंद्रोदय-चंद्रास्ताच्या आसपास मस्की जागे होतात असा अनुभव जाणत्या लोकांच्या वह्यांत सापडतो, कारण मात्र कुणी नीट सांगत नाही. पण एक व्यावहारिक फायदा नक्की: दिवसात एक वेळ आधीपासून ठरलेली असते आणि त्या वेळी तुम्ही सगळ्यात चांगल्या जागी हजर राहता. बाकी वेळ शोधायला. माझ्या लेखी यातलं निम्मं यश चंद्राचं आणि निम्मं हजेरीचं.

सूर्योदय, सूर्यास्त, आणि वादळाच्या आधीचा तास. या तीन वेळांवर माझा चंद्राहून जास्त विश्वास.

७ ऑगस्ट, गुरुवार, स्टोनी पॉइंट

दुपारी बोट उतरवली. पाणी ७३ फॅरनहाइट, चालेल. वारा नैऋत्येचा, हलका.

पहिले दोन-तीन तास रॉड हातात घेतला नाही. दादा चुळबुळ करत होता. नुसतं चालवत फिरलो, सोनारवर बघत, काळ्या चष्म्यातून बघत. शोधत होतो ते 'कॅबेज': रुंद पानांची उंच पाणवनस्पती, इकडे तिला हेच म्हणतात. हिरवी, कुरकुरीत असली पाहिजे. तपकिरी, चिखल लागलेली असेल तर सोडून द्यायची. या तळ्याचा मैल-मैल लांबीचा काठ या वनस्पतींनी भरलेला आहे, त्यामुळे 'वनस्पती आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. जिथं काहीतरी मोडतं ती जागा हवी. पट्ट्याला आतला कोपरा, बाहेर आलेलं टोक, किंवा हिरवाई संपून खडक सुरू होतो ती शिवण. अशा शिवणींवर खुणा केल्या. नकाशातल्या बऱ्याच जागा प्रत्यक्षात निरस निघाल्या. एक जागा नकाशात नव्हतीच आणि सगळ्यांत चांगली निघाली: नऊ फुटांत कॅबेज, तिच्या कोपऱ्याला लागून बोटीएवढा एकच खडक, आणि पलीकडे एकदम उतार.

नेमकी कुठं ते लिहीत नाही. दादाची तंबी आहे.

संध्याकाळी दोन तास फेकलं. काही नाही. एक मोठा पाइक आला, त्याला आनंदानं सोडला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वही जशीच्या तशी:

सकाळ ५.४५. वारा नैऋत्य, ताशी १० मैल. ढगाळ. टोकाच्या वारा लागणाऱ्या अंगावर. वाऱ्याच्या बाजूनं बोट आणून ट्रोलिंग मोटरवर (छोटी विजेची मोटर) हळू. बकटेल. ७.१० ला फॉलो, म्हणजे आमिषामागे मासा आला; लहान, पस्तीस इंच असेल. आळशी. आठ काढला, बुडून गेला.

सकाळ ९.३०. खडकांचा उंचवटा, सात फूट. काही नाही.

दुपार १.२०. कोपऱ्यातला खडक. दादाच्या रबरी आमिषामागे मोठा मासा. खोलातून, नाक आमिषाला चिकटलेलं. पहिल्या वळणावर वळला, दुसऱ्यावर थांबला, आमच्याकडे बघितलं (दादा शपथ घेतो), गेला.

इथं काय करायचं यावर आमची चर्चा झाली. दादाला तिथंच तासभर ठाण मांडायचं होतं. मी म्हटलं, निघू. मस्कीचा फॉलो म्हणजे पत्ता आहे. त्यानं राहतं घर दाखवलं, घर लगेच बदलणार नाही. आता भूक नाही, आपण सतत डोक्यावर आमिष आपटलं तर सावध होईल. संध्याकाळी साडेआठला परत येऊ, चंद्राबरोबर. अनोळखी तळ्यावर मासे शोधणं आणि मासे पकडणं ही दोन वेगळ्या वेळांची कामं आहेत. दिवसा शोध, आणि जिथं कुणी दिसलं तिथं योग्य वेळी हजर. नव्या नव्या जागा धुंडाळत सूर्यास्ताचा तास घालवणं हा निव्वळ अपव्यय.

संध्याकाळ ८.२५. दूर मोटर बंद करून वाऱ्यावर तरंगत आलो. वारा जवळपास पडलेला. मी पृष्ठभागावरचं आमिष, दादा बकटेल, काळं. उजेड कमी असला की काळं, कारण खालून आकाशाच्या उजेडावर काळी आकृतीच उठून दिसते.

८.५० च्या आसपास दादाचा आठ, पहिलंच वळण. मी पाणी फुगलेलं बघितलं, मग आवाज. दादानं माशाच्या उलट्या बाजूला रॉड ओढला, बरोबर केलं. एवढ्याशा दोरीवर झुंज म्हणजे बोटीशेजारी गोंधळच. जाळ्यात घ्यायला मिनिट लागलं असेल. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि तसंच ठेवलं. एक गळ जबड्याच्या कोपऱ्यात, एक जाळ्यात अडकलेला. जाळ्यातला कापला, जबड्यातला पकडीनं काढला. ओली मोजपट्टी: साडेसेहेचाळीस इंच. आडवा, दोन्ही हातांवर धरून एक फोटो, श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ. मग शेपटीच्या मुळाशी धरून उभा राहू दिला. त्यानं शेपूट झाडली ती दादाच्या तोंडावर पाणी उडवूनच.

दादा काहीच बोलेना. मग म्हणाला, "आई गं." मग वहिनीला फोन. रेंज नव्हती.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

वायव्येचा वारा, ताशी २० मैलांच्या वर. असं रुंद आणि उथळ तळं या वाऱ्यात आखूड, उभ्या लाटा उठवतं, त्या अठरा फुटी बोटीत दर दोन सेकंदांनी येऊन बसतात. मधल्या भागात जायचा प्रश्नच नव्हता. लाइफ जॅकेटं घालून आडोशाच्या काठानं थोडं फिरलो. वहिनीनं दिलेला नारळीभात तंबूत बसून खाल्ला. ताईचा राखीचा फोन दादाला धक्क्यावरच्या एका कोपऱ्यात रेंज धरून घ्यावा लागला. मालवणात दर्याला नारळ गेला असेल. आमच्याकडे नारळ भाताबरोबर संपला होता.

संध्याकाळी वारा थोडा उतरला. कोपऱ्यातल्या खडकावर गेलो, माझ्या ग्लाइडरमागे एक मासा, वेगळा, लांब आणि सडपातळ. घेतलं नाही. म्हणजे त्या एका कोपऱ्यात निदान दोन. चांगल्या जागेचं लक्षण हेच.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटे काही नाही. बोट बाहेर. इथला नियम कडक आहे: पाणी काढायचा प्लग उघडा ठेवूनच रस्त्यावर यायचं, टाक्या रिकाम्या, ट्रेलरवर वनस्पतीचं एक पानही नको. झेब्रा शिंपल्यांसारखे उपटसुंभ एका तळ्यातून दुसऱ्यात असेच जातात. बोट घरी पाच दिवस वाळवून मगच मिनेटोंकावर.

१७ ऑगस्ट, रविवार

ऑक्टोबरची तयारी. पाणी ५० फॅरनहाइटच्या आसपास येईल, तळं उलथून वर-खालचं पाणी एक झालेलं असेल, कॅबेज बरीचशी झोपलेली. टलिबी शरद संपता संपता अंडी घालायला खडकाळ उथळ भागांकडे सरकतात आणि मोठ्या माद्या त्यांच्यामागे. म्हणजे कॅबेजच्या खुणा बाजूला ठेवायच्या आणि ७ ऑगस्टला निरस म्हणून सोडलेले खोल पाण्यालगतचे खडक आता आधी बघायचे. बकटेलपेक्षा मोठं रबरी आणि खोल जाणारं लाकडी आमिष, हळू. जिथं फेकून भागणार नाही तिथं ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं, माणशी एकच दोरी.

तोच तुकडा, स्टोनी पॉइंट. दादा म्हणतोय या खेपेला पोर्टेज बे बघू. मी नाही म्हटलंय. त्याच्या मुलीची परीक्षा दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणून तिसरा ठरला. लोकरीचे हातमोजे आणि कापलेल्या गळाच्या जागी नवे गळ घ्यायचे आहेत.